प्रथमग्रासमीमांसा

माणूस आयुष्यभर जे घास घेतो त्यांतल्या एकाच घासाची आधी चर्चा होते. बाकीचे पोटात जातात, बाधतात किंवा बाधत नाहीत, आणि विसरले जातात. पहिल्या घासावर मात्र बालरोगतज्ज्ञांचं मत असतं, पंचांगाचं मत असतं, दोन्हीकडच्या आज्यांची दोन मतं असतात आणि बाळाच्या आईच्या फोनवर दर रात्री एक नवं मत येऊन पडतं. एवढा पूर्वपक्ष साचलेला असूनही या विषयाचा कोणी नीट प्रबंध बांधलेला प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. लेखक नात्याने बाळाचा मामा. उष्टावणात मामाचं काम एवढंच: भाच्याला मांडीवर घ्यायचं, सोन्याच्या अंगठीने चांदीच्या वाटीतली खीर त्याच्या ओठांना लावायची आणि फोटोत हसायचं. खीर कशाची, केव्हा, किती घट्ट, हे त्याला कोणी विचारत नाही. ज्याला कोणी विचारत नाही त्याच्या अंगी संशोधनाला लागणारी निःपक्षपाती वृत्ती आपोआप येते.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन सांगायची रीत आहे. विषय वर आलाच. प्रयोजन म्हणजे दवाखान्यातल्या तक्त्यावर वजनाची रेघ वर चढणं. संबंध सासर-माहेरचा असल्याने त्यात न शिरलेलं बरं. उरला अधिकारी, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं शास्त्र मांडायचं तो. त्याला दात नाहीत, मान अलीकडेच धरली आहे, आणि हे लिहीत असताना तो स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालून स्वस्थ पडला आहे.

पहिला प्रश्न कालाचा. पारस्कर गृह्यसूत्र सहावा महिना सांगतं, मनुस्मृतीही सहावाच सांगते. पंचांगकर्त्यांनी त्यात आणखी बारकावा काढला: मुलाला सम महिना, मुलीला विषम. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात जन्मलेल्या दोन बाळांपैकी मुलगा सहाव्यात पाटावर बसतो आणि मुलगी पाचव्यातच उरकून मोकळी झालेली असते, नाहीतर सातव्याची वाट पाहते. काश्यपसंहिता हा तर खास बालवैद्यकाचा ग्रंथ. तो सहाव्यात फळ देतो आणि अन्नाला दहाव्यापर्यंत थांबवून धरतो. पारस्करांकडे शिवाय निवडीचं आख्खं कोष्टक आहे. मूल बोलकं व्हावंसं वाटत असेल तर भारद्वाजी पक्षिणीचं मांस, घरात अन्नधान्याची ददात नसावी तर कपिंजलाचं, चपळ व्हावं तर मासे. मासे खाल्ल्याने डोकं चालतं असं आमच्या आजोळी, कोकणात, लहानपणापासून ऐकवलं गेलं. सूत्रात मात्र फक्त पाय चालतात. भारद्वाजीचा प्रयोग पुण्यात कोणी केलेला दिसत नाही. तिथे त्याची गरजही पडली नसावी.

पाश्चात्त्यांचा कालनिर्णय याहून चंचल. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वर्षाच्या आसपास घन अन्न सुरू करीत. पुढे घाई वाढत वाढत इतकी वाढली की फ्लॉरिडातले डॉ. वॉल्टर सॅकेट जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धान्याची पेज द्या आणि दहाव्या दिवशी गाळलेल्या भाज्या द्या, असं सांगू लागले. म्हणजे आपल्याकडे बाराव्या दिवशी बाळाला नाव मिळतं, तेव्हा सॅकेटसाहेबांच्या बाळाला भाजीचा कंटाळा यायला लागलेला असणार. सहाव्या महिन्यात, जिथे आपण खिरीचं बोट लावतो, तिथे त्यांनी काळी कॉफी नेमून दिली होती. अखेर 2001 साली जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि मग पूरक अन्न, असा निर्णय दिला आणि गाडी पुन्हा सहाव्या महिन्याच्या फलाटाला लागली.

यावरून कोणी लगेच पूर्वजांचा जयजयकार करू नये. सूत्रकारांपैकीच आश्वलायन दही, मध आणि तूप कालवलेलं अन्न बाळाला चाटवायला सांगतात, आणि आजचा डॉक्टर वर्षाच्या आत मधाचं बोट दिसलं तर पाय आपटतो. तान्ह्या मुलांचा बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार 1976 साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला, आणि पुढे त्याच्या कारणांचा एक धागा मधातल्या बीजाणूंपर्यंत पोचला. या एका बाबतीत प्रस्तुत लेखक विनोद करत नाही: वर्षाच्या आत मध नको.

घरात अर्थात दिनदर्शिका बघून सुरुवात होत नाही. डॉक्टर विचारतात, आधाराने बसतो का, मान स्थिर आहे का, तोंडात घातलेलं जिभेने बाहेर ढकलणं थांबलं आहे का. आजीचं गमक वेगळं: "पानाकडे कसा टक लावून बघतो बघ. घास मोजतो आपले." हा पुरावा भावनेला पटणारा असला तरी तर्काला पुरेसा नाही. तेच मूल पंख्याकडेही तितकंच टक लावून बघतं.

आता द्रव्यविचार. इथे दोन संप्रदाय आमनेसामने उभे राहतात आणि लेखकाचा दोघांशीही जेवणाचा संबंध असल्याने त्याला फार जपून लिहावं लागतं.

माझी आई सत्त्ववादी. तिच्या पद्धतीत नाचणी आधी निवडायची, पाण्यात चोळून धुवायची, रात्रभर भिजत घालायची, मग फडक्यात बांधून उबदार जागी टांगून ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुरचुंडीतून पांढरे कोंब बाहेर डोकावतात. ते मिक्सरला लावून, पाणी घालून, मलमलीच्या फडक्यातून पिळायचं. पिळताना मनगट दुखतं आणि त्याचा उल्लेख दिवसभर होत राहतो. गाळलेलं पाणी पातेल्यात झाकून ठेवलं की तळाशी मऊशार थर बसतो. वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं, थर ताटात पसरून वाळवायचा, खडे फोडून वस्त्रगाळ करायचं आणि बरणीवर तारीख लिहायची. एवढं करून दीड किलोचं होतं पावशेर. ही बरणी कोकणातून एसटीने येते आणि तिच्याबरोबर "दुधात नको, पाण्यात शिजव" अशी सूचनाही येते.

या कृतीत शास्त्र किती आहे? नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. भात-गहू त्याच्या जवळपासही फिरकत नाहीत. मोड आणण्याने फायटेट कमी होतं, त्यामुळे लोह अंगी लागायला मदत होते. शिवाय मोडात अमायलेज तयार होतं, ते पिष्ट तोडतं आणि तेवढ्याच पातळपणात जास्त पीठ मावतं. म्हणजे इवल्याशा पोटात जास्त उष्मांक. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मोडाच्या पिठावर या अंगाने बरंच काम झालं. इथपर्यंत आईची बाजू भक्कम आहे. पण मग ते फडकं येतं. फडक्यातून खाली उतरतो तो मुख्यतः पिष्टाचा भाग. कोंडा, आणि त्याच्याबरोबर खनिजांचा चांगला वाटा, चोथा म्हणून परसात जातो. आमच्या आजोळच्या कोंबड्या पंचक्रोशीत धडधाकट समजल्या जात, याचं कारण आज कळतं. हा निष्कर्ष आईला अजून कळवलेला नाही.

बहिणीच्या सासूबाई सोलापूरच्या, आणि खिमटवादी. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, खमंग भाजून, जात्यावर काढावी तशी भरड. चमचाभर भरड पाण्यात कालवून शिजवायची, वर जिरेपूड आणि तुपाचा थेंब. धान्य आणि डाळ एकत्र आल्याने प्रथिनांची उणीव परस्पर भरून निघते, हा मुद्दा आहारतज्ज्ञही मान्य करतात. दोन्ही पंडितांचा वाद बारशाच्या वेळी लेखकाने स्वतः ऐकला. "तुमचं सत्त्व छानच हो विहीणबाई, पण नाचणी जरा थंड पडते ना." "खिमटही चांगलंच की. फक्त डाळ लवकर चालू केली तर काही काही मुलांना जड जातं, एवढंच." यापेक्षा कडवा वाद विद्वत्सभेतही झाला नसेल, आणि त्या दोघी बोलता बोलता एकमेकींना बर्फी वाढत होत्या.

दोघींचं एका गोष्टीवर एकमत आहे: सुरुवात वरणाच्या पाण्याने करावी. कुकरमधून वरण काढलं की वरचं निवळ पाणी वाटीत घ्यायचं. आणि नेमकं इथेच डॉक्टर उठून उभे राहतात. सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला दुधाखेरीज दिवसाला सुमारे 200 किलोकॅलरी अन्नातून लागतात आणि पोट असतं मुठीएवढं. ते पाण्याने भरलं तर दूधही गेलं आणि डाळही गेली. त्यांची कसोटी साधी आहे. चमचा तिरका करा. ओघळलं तर पातळ. आजीची कसोटीही चमच्याचीच, फक्त उलटी: ओघळलं नाही तर घशात अडकेल. एकाच उपकरणाने, एकाच पदार्थावर, एकाच ओट्याशी केलेल्या निरीक्षणातून दोन विरुद्ध सिद्धान्त निघण्याचं उदाहरण भौतिकशास्त्रात फारसं सापडत नाही.

या सगळ्या धुमश्चक्रीत लोहाचं नाव कोणी काढत नाही, हे मात्र लेखकाला खटकतं. आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो. पूरक अन्न हवं असतं ते मुख्यतः त्यासाठी. अंडं, कलेजी, मटणाचा खिमा ही नावं घेतली की एका घरात शांतता पसरते आणि दुसऱ्या घरात "एवढ्यात?" असं होतं. नाचणी थंड की उष्ण हा वाद तेवढ्या वेळात आणखी एक फेरी पूर्ण करतो. चार बरण्यांत निवड करायची ही चैनही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत, सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात 11.3 टक्के निघाली. अंगणवाडीत अन्नप्राशन दिवस करतात, वाटी-चमचा धरून दाखवतात, ते यासाठी. तिथल्या ताईंना थंड-उष्णाच्या वादाला फुरसत नसते.

मिठाचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, हे डॉक्टरांचं सांगणं. आजीचा प्रतिवाद: "तूच खाऊन बघ अळणी." बहीण खाऊन बघते. तिला आवडत नाही. इथे प्रयोग बाळावर आणि निष्कर्ष आईच्या जिभेवर, हा हेत्वाभास उघड आहे. पण तो दाखवून द्यायला त्या वेळी ओट्याजवळ उभं राहावं लागतं.

डब्यातल्या तयार अन्नाचा संप्रदाय मुका आहे, कारण कायद्यानेच त्याचं तोंड बांधलं आहे. बालान्नाच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्याने, आणि 2003 च्या दुरुस्तीने आणखी कडक, बंदी आहे. म्हणून हा डबा कुठे दिसत नाही. प्रवासाच्या पिशवीत मात्र तो दुपट्याच्या घडीत असतो, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर "गावाला जातानाच फक्त" हे वाक्य नवरा-बायको एका सुरात म्हणतात.

यानंतर कर्तृविचार, म्हणजे भरवायचं कोणी. याचं सर्वांत नवं उत्तर आहे: कोणीच नाही. ब्रिटनच्या जिल रॅप्ली यांनी मांडलेला स्वहस्तवाद त्यांच्या 2008 च्या पुस्तकामुळे जगभर गेला आणि बहिणीच्या फोनमार्गे आमच्याकडे आला. मऊ उकडलेल्या गाजराची बोटभर लांब कांडी बाळापुढे ठेवायची. ते उचलेल, चोखेल, टाकेल, त्याचं ते बघेल. बाळाने गाजर उचललं, नीट निरखलं आणि आजोबांच्या चष्म्यावर मारलं. सासूबाई म्हणाल्या, "खायला शिकवताय की फेकायला?" गाजर खाली गेलं, लाळेरं कोरडं राहिलं आणि सतरंजी मात्र धुवावी लागली.

या पंथाच्या बाजूने ज्या प्रयोगाचा दाखला देतात तो मात्र मुळातून समजून घेण्यासारखा आहे. डॉ. क्लारा डेव्हिस यांनी 1920 च्या दशकात, आधी क्लीव्हलँडला आणि मग शिकागोत, दुधावरून नुकती अन्नावर यायची पंधरा मुलं आपल्या देखरेखीखाली ठेवून घेतली आणि त्यांच्यापुढे ताटं मांडायला सुरुवात केली. यादीत एकंदर 34 पदार्थ: धान्यं, भाज्या, फळं, अंडी, दूध, मांस, कलेजी, हाडातला मगज, सगळे सुटे, कालवाकालव नाही, मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. परिचारिका चमचा हातात धरून शेजारी बसे. मुलाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच तो भरून पुढे करायचा. हे खा, ते नको, शहाणं बाळ ते, असं एक अक्षर बोलायचं नाही, चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही. मुलांनी आधी चमचे, तबकं आणि कागदही चाखून पाहिले. मग कोणी न्याहरीला पेलाभर संत्र्याचा रस आणि कलेजी घेतली, कोणी रात्री अंडी, केळी आणि दूध. मुडदूस झालेल्या एका मुलाच्या तबकात कॉड माशाच्या तेलाचा पेला ठेवला होता. बरं होईपर्यंत त्याने ते तेल आपणहून प्यालं आणि बरं झाल्यावर सोडून दिलं. सगळी मुलं ठणठणीत वाढली. यातली मेख बाईंनी 1939 साली माँट्रियलच्या सभेत स्वतःच उघड केली: यादीत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं, तेव्हा मुलांनी काहीही उचललं तरी चांगलंच निघणार होतं. निवड मुलांची, पण यादी बाईंची.

हा प्रयोग आपल्याकडे होणं अशक्य आहे. 34 पदार्थांची अडचण नाही, तेवढे डोहाळजेवणाला होतात. अडचण त्या गप्प बसण्याची आहे. आपल्याकडे एक चमचा तोंडाजवळ नेताना काऊ येतो, चिऊ येते, विमान येतं, मामा येतो (येत नाही, पण येतो असं सांगतात), आणि भरवणाऱ्याचं तोंड बाळाच्या आधी उघडतं. हे शेवटचं निरीक्षण लेखकाने वेगवेगळ्या वयांच्या माणसांवर करून पाहिलं आहे. बाळापुढे चमचा धरून तोंड मिटलेलं ठेवणारा माणूस त्याला अजून भेटलेला नाही.

मोजमापाचीही इथे मोठी अनागोंदी आहे. "आज किती खाल्लं?" या प्रश्नाला "सहा चमचे" असं उत्तर येतं. पण प्रत्यक्ष काय घडतं ते जवळून पाहावं. चमचा आत जातो. जीभ पुढे येते आणि अर्धा ऐवज ओठांवर परत करते. भरवणारी व्यक्ती चमच्याची कड हनुवटीवर टेकवून वर ओढते, गोळा झालेलं पुन्हा आत सारते. त्यातला अर्धा परत. पुन्हा हनुवटी. हा एकच चमचा तीनदा भरवला जातो आणि हिशेबात तीन चमचे धरला जातो. म्हणून सकल चमचे आणि निव्वळ चमचे असा भेद केल्याशिवाय या विषयात पुढे जाता येणार नाही. निव्वळ काढायचे तर सकलातून लाळेरं, मानेची वळी, डावा कान आणि भरवणाऱ्याचा पदर वजा करावा.

आता या प्रबंधातल्या मूळ शोधाकडे वळतो. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे काही बाधलं तर कशाने ते कळतं, असा नियम आहे. त्यासाठी बहिणीने फ्रिजवर तक्ता लावला. त्यात दाण्याचं कूटही होतं, कारण दाण्यापासून मुलांना लांब ठेवा हा जुना सल्ला 2015 साली लंडनच्या 640 मुलांवरच्या अभ्यासाने उलटा ठरवला. काळ ठरला, द्रव्य ठरलं, घट्टपणा ठरला, ज्येष्ठातला मुहूर्त निघाला. मामाला मांडी घालायला सांगितलं. आणि अंगठीवरून खिरीचा थेंब पुढे करण्याआधीच, नुसतं जवळ येणारं बोट बघून, बाळाने तोंड उघडलं. उघडलं ते सवयीने. जीभही पुढे आली नाही, ती बाजूला सरली, जागा करून देत.

चमचा बघून तोंड उघडणं शिकवावं लागतं. बोट बघून उघडणंही शिकवावंच लागतं. ज्याला जन्मापासून दुधाखेरीज काही दिलेलं नाही, त्याला हे कोणी शिकवलं? लेखकाचा सिद्धान्त असा की पहिला घास कोणत्याही घरात निवडला जात नाही. आपण सगळे मिळून, पंचांग आणि परिपत्रकं उघडून, विहिणीविहिणींत वाद घालून जो निवडतो तो दुसरा घास असतो, किंवा दहावा. पहिला केव्हाच, स्वयंपाकघराकडे पाठ करून, कोणीतरी बोटाने लावून गेलेलं असतं. या कर्मात शेजारच्या काकूंचा हात असतो, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा असतो, मोठ्या भावंडाचा असतो. पण अनुभवी संशोधक सगळ्यांत आधी आजोबांकडे जातो.

जेवणं झाल्यावर बहिणीचे सासरे गॅलरीत सुपारी कातरत बसले होते.

"काका, खरं सांगा. श्रीखंड?"

"छे. श्रीखंड आंबट असतं, त्याला कशाला देईन?"

"मग?"

त्यांनी आत एकदा बघून घेतलं. "रस. अक्षय्य तृतीयेला. हापूसचा, आणि नुसतं बोट टेकवलं हो, दिलं असं नाही."

"तेव्हा त्याला चौथाच तर चालू होता."

"मग?" काका अडकित्ता मिटत म्हणाले. "सम होता."